दोन्ही स्वर बंद

“…आणि दोन्ही बंद असतील तर, बाबा? मग कोणता पाय आधी टाकायचा?”

भिवनाथबाबा घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय बंद?”

“स्वर, बाबा. डावाही बंद, उजवाही बंद.”

“हं…”

बाबांनी आणखी एक शेंग सोलली. दाणे परातीत पडले.

हैबती मठाच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभा होता. खांद्यावर घोंगडी, गळ्यात झोळी, हातात काठी. निघायची सगळी तयारी झालेली होती. फक्त निघणं राहिलं होतं.

बाहेर सड्यावर धुकं होतं. डोंगरमाथ्यावरच्या त्या कातळाच्या पठाराला सगळे सडाच म्हणत. भाद्रपद संपत आला होता आणि कातळाच्या फटीफटीतून रानफुलं वर आली होती, गवताला तुरे आले होते. धुकं आलं की फुलं दिसेनाशी होत. धुकं सरकलं की पुन्हा तिथंच असत. दिवसभर हेच चालायचं. नव्यानं येणाऱ्याला आपण जागे आहोत की झोपेत, याचा पत्ता लागत नसे. मठातल्या जुन्या माणसांनी ती चौकशी कधीच सोडून दिली होती.

अंगणातल्या दगडावर सारजाक्का बसली होती. हैबतीच्या गावची, त्याच्या आईची शेजारीण. दिवस उजाडायच्या आत निघून घाट चढून आली होती आणि आल्या आल्या एका दमात तिनं निरोप सांगितला होता.

“तुजी आय लई आजारी हाय. पेज बी पोटात ठरंना. डाक्टर बघून गेला, म्हणला, कुणाला बोलवायचं तर बोलवून घ्या. ती तुजंच नाव घेतीया. दारात कुणी बी आलं की इचारती, हैबती आला का? चल आता. हाइस तसा चल.”

हैबती लगेच उठला होता, त्यात काही खोट नाही. झोळी घेतली, घोंगडी घेतली, उंबऱ्यापाशी आला. मग सवयीनं हाताची पाठ नाकाखाली धरली…

काहीच लागलं नाही. ना गरम, ना गार.

तो थांबला. अजून थांबलेलाच होता.

या मठाची रीतच तशी होती. स्वर, म्हणजे श्वास कोणत्या नाकपुडीतून चालू आहे ते, बघितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. डावी नाकपुडी वाहत असली तर चंद्र चालू, डावा पाय आधी. उजवी वाहत असली तर सूर्य चालू, उजवा पाय आधी. खालच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं मोठ्या कामाला हात घालण्याआधी वर येत. बैल घ्यायचाय, पोरीला सासरी पोचवायचीय, नव्या घरात राहायला जायचंय… बाबा हाताची पाठ स्वतःच्या नाकाखाली धरत, डोळे मिटत आणि म्हणत, “जा.” कधी म्हणत, “थांब.” त्यापलीकडं एक अक्षर नाही.

हैबतीचं एवढ्यावर भागत नसे. त्यानं पोथ्या वाचल्या होत्या. वार, तिथी, पक्ष, स्वर केव्हा पालटला, सगळं जमेस धरून तो लांबलचक उत्तर द्यायचा. ऐकणाऱ्याला निम्मं कळायचं नाही, त्यामुळं त्याचा मान वाढला होता. लोक म्हणत, हैबतीला समोरच्याचा स्वर लांबूनच दिसतो. हैबती तसं म्हणत नसे, पण नाकारतही नसे.

आणि नेमकं त्याचंच नाक असं निघालं होतं.

दरवर्षी गवताला तुरे आले की त्याला शिंका सुरू व्हायच्या. एक सरली की दुसरी, माळच लागायची. नाकाडोळ्यांतून पाणी, टाळूला खाज, आणि मग नाक जे मिटायचं ते थंडी पडेपर्यंत. चार माणसांसमोर स्वर सांगायला बसावं आणि आपल्याच नाकानं दगा द्यावा, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

त्यानं उपाय केले नव्हते असं नाही. उलट उपायच फार केले होते.

बाजारच्या गावातल्या वैद्यांनी दही सोडायला सांगून चूर्ण दिलं. चूर्ण अर्धं संपलं तोवर कुणीतरी होमिओपॅथीचं नाव काढलं. त्या गोड गोळ्यांना कांदा चालत नव्हता, म्हणून कांदा सोडला. मग एका भक्तानं शपथेवर सांगितलं की बंद नाकाला कांदा हुंगण्यासारखं औषध नाही, म्हणून गोळ्या सोडल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला आणि बजावलं, हा सावकाश काम करतो, गवताला तुरे आहेत तोवर रोज मारा, मध्येच सोडू नका. हैबतीनं तो दोन दिवस मारला आणि यात काही दम नाही म्हणून फळीवर टाकून दिला.

बाबा एकदा म्हणाले होते, “हैबती, तू औषधाच्या घरी पाहुणा म्हणून जातोस. हातपाय धुवायच्या आत निघतोस.”

शेवटी त्यानं मेडिकलच्या दुकानातून थेंबांची एक बारकी बाटली आणली, आणि त्या बाटलीवर त्याचा जीव जडला. दोन थेंब टाकावेत आणि नाक झटक्यात मोकळं व्हावं! त्या दिवशी त्यानं सलग चार जणांना स्वर सांगितला. चार-पाच दिवसांच्या वर घालू नका, असं दुकानदारानं सांगितलं होतं. हैबतीनं मान डोलावली होती. त्या गोष्टीला आता कित्येक महिने झाले होते. आधी दोन थेंब दिवसभर पुरत. मग दुपारपर्यंत पुरू लागले. मग जेमतेम एक पंगत उठेपर्यंत. आताशा तुरे असोत नसोत, नाक बंदच राहायचं आणि थेंब टाकल्याशिवाय उघडायचं नाही. झोळीत भस्माच्या पिशवीखाली एक बाटली कायम असायची. बाबांना हे ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता.

“झालं का रं?” सारजाक्कानं अंगणातून विचारलं.

“होतंय, अक्का.”

काठी भिंतीला टेकवून त्यानं तोटीची लोटी आणली. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ टाकलं, मान तिरकी केली आणि एका नाकपुडीत पाणी सोडलं. ते दुसऱ्या नाकपुडीतून यायला हवं होतं. ते घशात उतरलं. हैबती खोकून खोकून लालबुंद झाला.

उंबऱ्यापाशी आला. हात धरला. काही नाही.

मग तूप. घोंगडीवर आडवं होऊन, मान मागं टाकून, कोमट तुपाचे थेंब दोन्हीकडं सोडले. तूप आत गेलं आणि तिथंच बसून राहिलं.

पुन्हा उंबरा. पुन्हा हात. काही नाही.

“नाक बंद हाय व्हय?” सारजाक्काला आत्ता उलगडा झाला. “मग त्यात काय? नाकानं चालायचंय का?”

“अक्का, तुला नाही कळायचं ते.”

सारजाक्का उठली, आत चुलीपाशी गेली, तव्यावर ओवा गरम केला, फडक्यात बांधला आणि बाहेर येऊन एका हातानं हैबतीचं डोकं धरून पुरचुंडी त्याच्या नाकाला लावली.

“हुंग.”

“वास येत नाही, अक्का.”

“यील. हुंग म्हणते न्हवं.”

हैबतीनं डोळे मिटले. वास आला नाही, पण ऊब आली. फडक्याची ऊब, आणि डोकं धरलेल्या हाताचं वजन… असंच कुणीतरी धरायचं. भाकरी उतरवली की आई तव्यावर पुरचुंडी टेकवायची. आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. पोळत नाही असं वाटलं की मग त्याच्या नाकाला. तो गाल इतक्या वर्षांत त्याला एकदाही आठवला नव्हता. आता आठवला.

डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडल्यानं नाक मोकळं होत नसतं. जी काही फट उरली असेल ती पण मिटली.

“वाफ घेतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “वाफेनं नक्की सुटेल.”

सारजाक्कानं बाबांकडं बघितलं. बाबा शेंगा सोलत होते.

हैबतीनं उकळत्या पाण्याचं पातेलं पुढ्यात घेतलं आणि घोंगडी डोक्यावरून ओढली. आत काळोख झाला. पांढरी वाफ तोंडावर येऊ लागली. कान बधिर झाले, डोकं जड झालं. बाहेरचे आवाज लांब लांब गेले…

सडा दिसला. फुलं होती आणि धुकं होतं, आणि आई पुढं चालली होती. डोक्यावर पाटी, पाटीत झाकलेली भाकरी. ती रानात निघाली होती. हैबती मागं होता, पण तिला ठाऊक नव्हतं. तिची पावलं पडत तिथली फुलं मोडत नव्हती. ती हळू चालत होती, तरी अंतर कमी होत नव्हतं. त्याला हाक मारायची होती. पण हाक मारायला श्वास लागतो, आणि श्वास कुठून घ्यावा तेच त्याला आठवेना. धुकं आलं. पाटी दिसेनाशी झाली. मग डोक्यावरचा पदर. मग काहीच नाही…

“आई!”

ती हाक अंगणापर्यंत गेली. बंद नाकाच्या माणसाचं बोलणं गेंगाणं येतं, पण हा एक शब्द अगदी स्वच्छ आला होता. बाबांचा हात क्षणभर शेंगेवर थांबला.

हैबतीनं घोंगडी बाजूला केली. घोंगडीबाहेरही पांढरंच होतं. धुकं मठात शिरलं होतं. वाफ कुठं संपली आणि धुकं कुठं सुरू झालं, त्याला कळेना. तो धडपडत उंबऱ्यापाशी गेला आणि हात धरला.

काही नाही.

आता एकच उपाय राहिला होता. “आलोच,” असं पुटपुटत तो मागं माजघराला लागून असलेल्या गोठ्यात गेला. गाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं पाठ केली, भस्माच्या पिशवीखालून बाटली काढली आणि मान मागं टाकून दाबली. दोन थेंब. आणखी दोन. मग मोजायचं सोडून दिलं.

वाट बघितली…

डाव्या बाजूला काहीतरी हललं. केसाएवढी फट. थंडगार हवेचा एक धागा आत आला! हैबती धावत सुटला. गोठा, माजघर, चूल. उंबऱ्यापाशी पोचला, डावा पाय उचलला आणि खात्री करायला हात नाकाखाली धरला.

धावण्यानं दम लागला होता. तोंड उघडं होतं. नाक बंद होतं.

उचललेला पाय त्यानं परत खाली ठेवला, आतल्याच बाजूला.

सारजाक्का उठून उभी राहिली. पदर खोचला.

“मी निगते. घाटाच्या तोंडाशी जरा टेकते, गुडघं दुखत्यात माजं. आलास तर आलास.” ती दोन पावलं गेली आणि वळली. “न्हाईतर तिला काय सांगू? तुज्या ल्योकाचं नाक बंद हाय, असं सांगू?”

ती धुक्यात शिरली. थोडा वेळ तिच्या चपलांचा आवाज आला, मग तोही थांबला.

अंगण रिकामं झालं.

“बाबा…” हैबती म्हणाला. “तुम्ही तरी सांगा. कोणता उपाय करू?”

“ये. बस.”

तो समोर जाऊन बसला. बाबांनी परात बाजूला सरकवली आणि रिकामा हात पुढं केला.

“आण ती बाटली.”

हैबतीची मान खाली गेली. त्यानं झोळीत हात घातला. बाटली बाबांच्या तळहातावर ठेवताना त्याला कोवळ्या पोरासारखं रडू यायला लागलं.

बाबांनी बाटली उजेडाकडं धरून बघितली.

“आधी ही नाक उघडायची. आता?”

“आता… तीच बंद करते, बाबा. मला कळतं. पण सोडवत नाही.”

“हं…”

धुक्यातून गाईच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली.

बाबांनी बाटली शेजारी ठेवली. मग हैबतीचा हात धरला आणि त्याच्या हाताची पाठ स्वतःच्या नाकाखाली आणली.

“बघ.”

गुरूचा स्वर बघायचं धाडस हैबतीनं आजवर केलं नव्हतं.

“उजवा चालू आहे, बाबा.”

“डावा बघ.”

“डावा बंद. थोड्या वेळानं पालटेल.”

“नाही पालटायचा.”

“पालटतोच, बाबा. सगळ्यांचाच…”

“मी जांभळीवरून पडलो होतो. तोंडावर. तेव्हा माझे दुधाचे दात पडायचे होते.” बाबा शांतपणे म्हणाले. “नाकातलं हाड आडवं झालं. तेव्हापासून डाव्यानं कधी श्वास घेतलेला नाही मी.”

बाबा नेहमी उजवाच पाय आधी टाकतात, हे त्याच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. त्याचा अर्थही त्यानंच लावला होता. बाबांचा सूर्य अखंड चालू असतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आला होता. ते सांगताना त्याचा स्वतःचाच आवाज भक्तीनं कापायचा.

“पण मग…” त्याला शब्द जुळवता येईनात. “इतकी वर्षं… इतकी माणसं आली… तुम्ही नाकाखाली हात धरून त्यांना सांगितलंत…”

“काय सांगितलं?”

“जा म्हणून.”

“ती निघालेलीच असायची, हैबती. कुणीतरी जा म्हणावं, एवढ्यासाठी चढून यायची.”

“आणि ज्यांना थांब म्हणालात?”

“ती दमलेली असायची. त्यांना जेवायला वाढायचो.”

वार, तिथी, पक्ष… सगळं त्या धुक्यात विरघळून चाललं होतं आणि धरून ठेवावं असं काही हाताला लागत नव्हतं. हैबतीला राग आला. फार राग आला.

“मग मला हे का शिकवलंत? मी रात्रीचा दिवस केला यासाठी!”

बाबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“तू आलास तो दिवस आठवतो तुला?”

“आठवतो.”

“घाट चढून आलास, पण बसेनास. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचास. कुणी काही बोललं की फणकारून निघून जायचास, आणि निघून कुठं जायचं ते तुला ठाऊक नसायचं. म्हटलं, याला दारात थांबायला लावावं. नाकाशी हात धरून एक श्वास जरी उभा राहिला, तरी पुष्कळ झालं.”

“म्हणजे…”

“औषध होतं ते.”

हैबतीनं स्वतःच्या हाताच्या पाठीकडं बघितलं.

“चांगलं लागू पडलं होतं,” बाबा म्हणाले. “तुझा राग उतरला. मग सोडायचं होतं. तू त्याचं या बाटलीसारखं केलंस.”

…

धुकं थोडं सरकलं. अंगणापलीकडं फुलांचा एक पट्टा दिसला, आणि पुन्हा मिटला.

“दर दिवाळीला तू घरी जायला झोळी घेऊन उंबऱ्यापर्यंत यायचास,” बाबा म्हणाले. “मी बघायचो. हात धरायचास, डोळे मिटायचास आणि परत फिरायचास.”

“स्वर अनुकूल नसायचा, बाबा.”

“एकदाही?”

हैबतीनं तोंड फिरवलं. नाक बंद असलेल्या माणसाला हुंदका गिळता येत नाही. तो तोंडावाटे बाहेर पडला, मोठ्यानं.

“मला भीती वाटते, बाबा,” तो म्हणाला. “मी न सांगता आलो. ती रानात गेली होती. माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. ती भाकरी खाल्ली आणि निघालो. रागानं निघालो, तरी भाकरी खाल्ली… संध्याकाळी आल्यावर तिनं रिकामं ताट बघितलं असेल. पोरगा जेवला, बरं झालं, म्हणाली असेल. मी परत येणार नाही हे तिला त्या रात्री ठाऊकच नसेल. दिवा तसाच ठेवला असेल दारात… मी तिच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा राहू?”

बाबा थोडे पुढं सरकले.

“आणि ती… मी पोचायच्या आत…”

तेही वाक्य पुरं झालं नाही. बाबांनी ते पुरं केलं नाही. त्यांनी फक्त हात लांब करून हैबतीच्या डोक्यावर ठेवला आणि पुष्कळ वेळ तसाच ठेवला. हैबती तोंडानं श्वास घेत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. हळूहळू ते वेगळं घ्यावं लागेनासं झालं. आपोआप चालू राहिलं.

मग बाबा उठले. आत जाऊन फळीवरून डॉक्टरांनी दिलेला फवारा काढून आणला, धूळ झटकली आणि हैबतीच्या हातात दिला.

“दवाखाना तुमच्याच गावाच्या वाटेवर आहे ना?”

“हो.”

“तिथं हा दाखव. अजून चालतो का, विचार. त्या थेंबांचं काय करून बसलास तेही सांग, लपवू नकोस. ते सांगतील तेवढं कर. पुरतं कर. आज नको. आज त्या वाटेवर थांबू नकोस. उद्या, परवा, सवड होईल तेव्हा.”

“आणि नाक?”

“बंद राहील थोडे दिवस. मग उघडेल. गवत वाळेल, तुरे झडतील. नाकाला कुठं जायचंय?”

हैबती उठला. डोळे पुसले. घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली. बाटली तिथंच पडलेली होती. तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि तिला हात लावला नाही. त्याला हलकं वाटलं नाही. उलट आता सगळं अंगावर आलं होतं, आई, ती भाकरी, ते ताट, इतकी वर्षं. पण निघायचं होतं, हे आता नक्की होतं.

तो उंबऱ्यापाशी आला.

बाहेर वाट दिसत नव्हती. चार हातांपर्यंत कातळ, पुढं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात कुठंतरी सारजाक्का टेकली होती, आणि त्याच्याही खाली, घाट उतरून, एका घराच्या दाराकडं कुणीतरी बघत पडलं होतं.

हैबतीचे दोन्ही पाय शेजारी शेजारी उभे होते. डावा हलेना. उजवा हलेना. इतक्या वर्षांची सवय एका सकाळीत जात नाही. हात आपसूक वर आला, नाकापर्यंत आला… मग त्याचं त्यालाच उमगलं आणि त्यानं तो खाली घेतला. पण पाय तसेच राहिले.

त्याला स्वतःची शरम वाटली. तो मागं न बघता हळूच म्हणाला,

“बाबा… कळतंय सगळं. तरी पाय उचलत नाही. एवढं एकदाच सांगा. कोणता आधी टाकू?”

मागून काहीच आवाज आला नाही. त्याला वाटलं, बाबा शेंगांकडं परत गेले.

मग अगदी जवळून, कानाशी, बाबांचा आवाज आला.

“तू आयुष्यात पहिल्यांदा चाललास, तेव्हा कोणता पाय आधी टाकला होतास?”

“ते मला कसं आठवेल, बाबा?”

“जिनं पाहिलं, तिला आठवत असेल. जा, विचार तिला… अजून विचारता येतंय.”